पोट भरल्याशिवाय झोपवू नकोस

१२ ऑक्टोबर

आले एकदाची सासरी, केफला! बस घाट चढत होती तेव्हा पोटातलं सगळं घशाशी आलं होतं. पण दारातच सासूबाईंनी, म्हणजे लल्ला बेयांनी, ऑलिव्हच्या तेलात बुडवलेली गरम भाकरी हातावर ठेवली आणि शीण कुठच्या कुठे पळाला. आमच्या महदियात घरासमोर समुद्र, इथे समोर डोंगर, आणि वारा असला की डोक्यावरचा रुमाल दोनदा पळवला मेल्याने. माझा नवरा तिजानी म्हणतो, हा नुसता नमुना आहे नवरीबाई, बर्फ पडू दे, मग बघ. तो इथल्या पोस्टात आहे. घरात आम्ही तिघंच, आणि अंगणात चौथी, आजूजा. आजूजा म्हणजे म्हातारी. हे लल्लांचं कासव.

तिच्याबद्दल लल्ला अगदी गंभीर होऊन सांगतात. तिजानी तान्हा असताना तापाने गेल्यात जमा होता. तेव्हा त्याच्या आजीने कासव त्याच्या छातीशी बांधलं आणि पोराचा जीव त्या पाठीखाली ठेवायला दिला. ताप उतरला. तेव्हापासून कासव नीट तर पोरगा नीट. तिजानी हसतो. म्हणतो, माझा जीव घर पाठीवर घेऊन फिरतो, त्याला पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? मीही हसले. लल्ला हसल्या नाहीत.

२ नोव्हेंबर

या घरातली भाषा शिकायला मला वेगळी शाळा लागणार. अशुभ वाटणारा शब्द तोंडातून काढायचा नाही, त्याच्या जागी शुभ शब्द. कोळशाला पांढरं म्हणायचं, ते आमच्याकडेही म्हणतात. पण इथे सुईला किल्ली, शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याला डोळस! काल मी सुई मागितली तर लल्लांनी कानांवर हात ठेवले. तिजानी म्हणाला, हळूहळू कळेल गं, मलाच सगळं कुठे कळतं.

आज सकाळी तबार्काहून निरोप आला, लल्लांची बहीण आजारी आहे. त्या हातातलं काम टाकून निघाल्या. टॅक्सीत बसता बसता आजूजाचं सगळं माझ्यावर सोपवून गेल्या. पोरी, थंडी वाढली की तिला हिवाळाभरासाठी झोपवायचं. कोमट पाण्यात बसवायचं, अंग पुसायचं, पेटीत कोरडी माती, वर पेंढा, आणि पेटी मागच्या थंड खोलीत. शेगडी जवळ न्यायची नाही, मधेच उठवायची नाही. आणि मुख्य म्हणजे पोट पार भरल्याशिवाय झोपवू नकोस, माझ्या लेकाचा जीव आहे. मी म्हटलं, काळजीच करू नका. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, उपाशी कुणाला झोपू देत नाही.

१९ नोव्हेंबर

झोपली बाई! नखरे काय कमी केले? गेला आठवडाभर तोंड फिरवत होती. मी मांडीवर घेऊन काकडी भरवली, टरबुजाच्या फोडी भरवल्या, कोवळा पाला भरवला. आज सकाळीही थोडं घातलं पोटात. तिजानी म्हणाला, माझे एवढे लाड कधी करणार? मग पेटीत ठेवली. पेंढा घालताना तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि डोकं आत घेतलं. मला फार बरं वाटलं.

५ डिसेंबर

लल्ला आल्या. चपलाही न काढता विचारलं, पोट भरलं होतं ना? मी म्हटलं, तुडुंब. त्यांनी माझं कपाळ चुंबलं. म्हणाल्या, शहाणी गं माझी.

तिजानी दोन दिवस जेवत नाहीये. पोटाला तडस लागल्यासारखं वाटतं म्हणतो. मी म्हटलं, आता आईच्या हातचं मिळेल, मग जेवशील.

१७ डिसेंबर

तो कामावरून येतो आणि झोपतो. हात गार. पोट घट्ट, वाजवलं तर डफासारखं. डॉक्टर येऊन गेले. काही सापडत नाही म्हणाले, नाडी मात्र फार हळू आहे.

मी घाबरले आहे. आणि लल्ला आज स्वयंपाकघरातून ओरडल्या, अगं, तेलाची बरणी भरली, दुकानातून तेल घेऊन ये.

बरणीत थेंब नव्हता.

मी ती उलटी करून पाहिली. या घरात रिकाम्याला भरलेलं म्हणतात.

१८ डिसेंबर

सांगितलं लल्लांना. टरबूज, काकडी, सगळं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो शब्द उच्चारला. रिकामं, म्हणाल्या, रिकामं पोट पाहिजे होतं गं. झोपेत काही पचत नाही. आत राहिलेलं कुजतं.

आम्ही पेटी उघडली. तो वास. तिजानीच्या श्वासाला कालपासून येतोय तोच.

मी रडत म्हटलं, उठवू या, शेगडीपाशी नेऊ या. लल्ला म्हणाल्या, ऊब लागली की कुजणं धावत सुटेल. थंडीने ते फक्त थांबून राहतं. बरं करणारं काही नाही.

९ जानेवारी

म्हणून त्याची खाट मागच्या खोलीत, पेटीशेजारी. खिडकी उघडी. तो पांघरूण मागतो. मी देत नाही. मी, त्याची बायको. नवरीबाई, मी काय केलं तुझं, असं विचारतो आणि पुन्हा झोपतो. यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटतं.

२८ जानेवारी

बर्फ पडला. देवाचे आभार मानले. दोघींनी तो उचलून खोलीत टाकला —

लल्ला आता बोलत नाहीत. कुठला शब्द वापरावा हेच त्यांना कळत नाही.

१६ फेब्रुवारी

बर्फ वितळतोय. डोंगरावर बदाम फुलले. लोक खूश आहेत. मी खिडकीला घोंगडी लावली, ऊन अडवायला. बाजूने येतंच —

२४ फेब्रुवारी

भिंती कोमट. पेटीत हालचाल. खाटेवरही. पोटाची कातडी हिरवट — लल्ला दाराबाहेर बसून आहेत, आत येत नाहीत —

२५ फेब्रुवारी

त्याने डोळे उघडले. मला ओळखलं. हसला. मला नावाने हाक मारून म्हणतो, दलंदा, किती गार पडलोय गं मी, जवळ ये, मिठी मार. मी नको म्हटलं. तो रडतोय, तान्ह्या बाळासारखा, हात पसरून. माझं अंग गरम आहे. मला माहीत आहे काय होईल. तरी मी जाते, एवढंच तर मागतोय, एकदाच, मी त्याच्या —