मार्जरीच्या वाक्यांचा वारसा

मी, क्लेमंट आर्मिटेज, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार स्किप्टन, यॉर्कशर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी जिलियन हिला द्यावी. ती "मला काही नको" म्हणेल. वकिलांनी तिकडे लक्ष देऊ नये. आईच्या दफनानंतर ती या घरात चहालाही थांबलेली नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही.

२. बागेतली अवजारे शेजारी हॅरल्ड पिकल्स यांना द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. "मग मी सही कशाला करू?" असे त्यांनी विचारले, आणि तरी सहीला तयार झाले. अवजारे त्यांच्या मुलाला द्यावीत. वापरणार हॅरल्डच.

३. डॉ. लायनेल प्रॉक्टर यांना माझी छत्री. ती आधीपासून त्यांच्याकडेच आहे.

आम्ही दोघे व्याकरणवाले, आणि आमचे भांडण जुने आहे. इंग्रजीत काही क्रियापदांना एका छोट्या शब्दाचे शेपूट लागते, जसे वाट पाहण्याच्या 'वेट'ला 'फॉर'; काहींना लागत नाही, जसे आठवण काढण्याच्या 'मिस'ला. अशी दोन क्रियापदे एकाच माणसाबद्दल वापरायची झाली, की ती शेजारी शेजारी उभी राहतात, एक शेपटासह आणि एक शेपटावाचून, आणि ज्याच्याबद्दल बोलायचे तो शेवटी एकदाच येतो. प्रॉक्टर म्हणत, "असं फक्त पुस्तकात लिहितात. जिवंत माणूस असं बोललेला दाखव." मी जन्मभर तो जिवंत माणूस शोधत होतो.

४. त्यासाठी कोटाच्या आतल्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल असे. बसच्या रांगेत, कसायाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर कानावर पडेल ते वाक्य मी टिपत आलो. बुटांच्या खोक्यांत ठेवलेल्या त्या चिठ्ठ्या विद्यापीठाने मागितल्या आहेत, त्यांना द्याव्यात. मात्र माझी पत्नी मार्जरी हिच्या वाक्यांच्या चिठ्ठ्या देऊ नयेत. त्याच सर्वांत जास्त आहेत, कारण घरात बोलणारी तीच होती. जेवताना पेन्सिल निघाली की ती म्हणे, "रस्सा गार होतोय. आधी गिळ, मग मला टिपून ठेव."

या चिठ्ठ्या जिलियनला द्याव्यात. त्यांत तिच्या आईचे बोलणे जसेच्या तसे आहे. माझ्याकडे तिला देण्याजोगे दुसरे काही नाही.

५. गेल्या शरदात मार्जरी इस्पितळात होती. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छपाईला गेली होती, त्या छापखान्यातून मी उशिरा पोहोचलो. ती म्हणाली, "दिवसभर वाट पाहत होते, आठवण काढत होते, तुझी."

मी म्हणालो, "पुन्हा एकदा म्हण." आणि पेन्सिल काढली.

पलंगापलीकडे जिलियन बसली होती. "बाबा, ती तुमच्याशी बोलतेय."

मार्जरी हसली. "असू दे गं. याला मिळालं एकदाचं." मग मला लिहिता यावे म्हणून तिने ते वाक्य पुन्हा, सावकाश सांगितले. मी तारीख घातली, चिठ्ठी खिशात ठेवली आणि विजयी चेहऱ्याने घरी आलो. सकाळी ती गेली.

"तिला उत्तर हवं होतं," जिलियन म्हणाली. "तुम्ही तिचं उदाहरण केलंत." मी अपराधी आहे, आणि हे तिला तोंडावर सांगण्याची हिंमत झाली नाही म्हणून वकिलाचा कागद वापरतो आहे.

६. माझ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ते वाक्य छापू नये. प्रकाशकाने मजकुरातून ते काढावे आणि जागा भरण्यासाठी दुसरे घालू नये. पुरावा मिळाला नाही, प्रॉक्टर बरोबर होते, असे खुशाल समजावे. त्यांना तसे कळवावे.

७. ती एक चिठ्ठी मला पुरताना कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी. ती जिलियनने ठेवावी अशी इच्छा आहे, सक्ती नाही. त्या खिशात पेन्सिल असेल. ती आधी काढून घ्यावी.

हे सर्व वाचून, समजून, खालील दोघांच्या एकत्र उपस्थितीत सही केली.

क्लेमंट आर्मिटेज

साक्षीदार: हॅरल्ड पिकल्स, शेजारी
साक्षीदार: डोरीन सटक्लिफ, ग्रंथपाल

स्किप्टन, ९ मार्च १९९८