कोट मला बसला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा कोट आणि झगे शिवण्याचा, राहणार घड्याळजीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हा कागद राजीखुशीने लिहीत आहे. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पण ते डॉक्टर माणसाकडे न बघताच "उत्तम, उत्तम" म्हणतात, तेव्हा त्यांच्या शब्दावर मी विसंबत नाही आणि वाचणाऱ्यानेही विसंबू नये. माझा पुरावा वेगळा आहे. समोर बसलेल्या वकीलबाईंच्या जाकिटाची उजवी बाही अर्धं बोट पुढे बसली आहे. ते त्यांना अजून कळलेलं नाही, मला त्या दारात असतानाच कळलं.

याआधी केलेलं मृत्युपत्र, ज्यात मी सगळं आमच्या चर्चच्या मंडळीला दिलं होतं, ते या कागदाने रद्द समजावं.

कलम एक. देहाबद्दल. साधी लाकडी पेटी, आत पांढरं सुती कापड, फुलं नकोत. पाळकांनी माझ्याबद्दल चांगलं बोलू नये. मेलेल्या माणसाबद्दल ते काय काय बोलतात, ते मी पहिल्या बाकावर बसून वर्षानुवर्षं ऐकलं आहे. गल्लीतला खाटीक गेला तेव्हा तर मला वाटलं, आपण भलत्याच माणसाला पुरायला आलो की काय. त्याची खरी तपासणी वर व्हायची ती झाली असेल, माझीही होईल. मधे पाळकांनी शिफारस करायची गरज नाही.

कलम दोन. शिलाई मशीन, इस्त्री आणि दोन्ही कात्र्या माझ्या भावजयीला द्याव्यात. मोठी कात्री कापडाची आहे. एकदा तिने ती मागून नेली आणि पुठ्ठा कापून परत केली. "छे, मी कशाला पुठ्ठा कापू?" म्हणाली. "कात्रीची धार खोटं बोलत नाही, वन्सं," असंही वर मलाच ऐकवलं! त्या बोथट झालेल्या धारेनेच तिला पकडून दिलं होतं. तरीही कात्री तिलाच, कारण तिचा हात चांगला आहे आणि मला आता भांडायचा कंटाळा आला आहे.

कलम तीन. लोखंडी कपाटातल्या एकतीस वह्यांबद्दल. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या मंडळीत हिवाळ्याच्या तोंडावर घरभेटीची पद्धत आहे. मंडळीने नेमलेली एक बाई घरोघर जाते, प्रार्थना करते आणि घरात जगाचा, म्हणजे चैनीचा आणि नटण्याचा, शिरकाव कुठून झाला आहे ते बघून वहीत लिहिते. मग वर्षाच्या उपासाआधीच्या रविवारी ती वही वाचली जाते. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. जुने पाळक, देव त्यांना विसावा देवो, सांगायचे, "जग दारातून येत नाही, ते कपाटातून येतं." न्यायाच्या दिवशी प्रभू प्रत्येकाचं कपाट उघडायला लावणार, तेव्हा आज आपणच उघडलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं. मी एकतीस वर्षं कपाटं उघडली.

लोक मला मागून 'दुर्बीण' म्हणत. म्हणोत. मला एका नजरेत दिसायचं, पडद्याचं कापड नवं आहे, बांगडी नुकतीच काढून ठेवली आहे, मनगटावर वळ आहे. कुणी जास्त गोड बोललं की मी पलंगाखाली वाकून बघत असे. संशय हा माझा स्वभाव नाही, ते मला नेमून दिलेलं काम आहे, असं मी मानत आले.

या वह्या जाळू नयेत आणि पाळकांच्या हाती तर मुळीच देऊ नयेत. ज्या घराचं पान त्या घराला कापून द्यावं. त्यांनी त्याचं काय करायचं ते करावं.

कलम चार. कोटाबद्दल.

एकोणीस वर्षांपूर्वी, त्याच घरभेटीच्या दिवसांत, मी स्वतःच्या घराचीही तपासणी केली. पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको. माझ्या एकुलत्या एक मुलीच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक कोट निघाला. गडद निळं लोकरीचं कापड, रेशमी अस्तर आणि गळ्याला मऊ फरची पट्टी. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. इतकं भारी कापड, तेही लपवून! मी वहीत लिहिलं, "माझ्याच घरात, माझ्याच पोरीने." रविवारी ते वाचून दाखवलं. माझा आवाज जराही कापला नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

ती उभी राहिली. एक अक्षर बोलली नाही. बुधवारी तिने पिशवी भरली आणि दुसऱ्या गावी कामाला गेली. कोट मी पुरावा म्हणून ट्रंकेत ठेवला.

या फेब्रुवारीत खोली गरम करायची शेगडी बिघडली. घड्याळजी दुरुस्त करतो म्हणाला, पण त्याला दोन दिवस लागणार होते. थंडीने हाडं वाजत होती. मी ट्रंक उघडली आणि तो कोट अंगात घातला.

कोट मला बसला.

माझी मुलगी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. तिला त्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच राहिल्या असत्या. माझा डावा खांदा पन्नास वर्षं इस्त्री ओढून उजव्यापेक्षा खाली गेला आहे. कोटाच्या डाव्या खांद्यात आतून कापसाची एक पातळ गादी टाकलेली होती, बाहेरून दिसणारही नाही अशी. बटणांची काजं मी तिला शिकवली तशी, कोपऱ्यात दोन जादा टाके घालून. माझ्या मापाचा कोट माझ्याच पोरीने माझ्यासाठी शिवला होता. माणूस दारातून आत आलं की त्याची छाती-कंबर सांगणारी मी, आणि तो कोट हातात धरून, उलटापालटा करून मी फक्त गळ्याची फर पाहिली.

त्या दिवसापासून मला न्यायाच्या दिवसाची भीती वाटते. आधीही वाटायची, पण इतरांसाठी.

मी तिला एका ओळीची चिठ्ठी टाकली, "कोट मला बसला." आठव्या दिवशी ती आली. आठ दिवस का लागले, याबद्दल मला दोन-तीन शंका आल्या. त्या इथे लिहीत नाही.

मी विचारलं, "तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे, आई? तू वाचून दाखवलंस."

कलम पाच. घराबद्दल. नवे पाळक गेल्या वर्षी माझ्यासाठी प्रार्थना करायला आले, तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते आणि ते छताकडे बघत होते. मला कसं कळलं? माझेही उघडे होते. जाताना त्यांनी भिंतीवर दोनदा टकटक केलं. तेव्हा या दोन खोल्या मी माझ्या मुलीला देते. तिला त्या मिळू शकल्या नाहीत तर कुणाला, हे लिहावंच लागतं असं वकीलबाई म्हणतात. भावाची आधीच दोन घरं आहेत. म्हणून, नाइलाजाने, मंडळीला.

इथे मी दोन अटी घातल्या होत्या. पहिली, मुलीने मंडळीपुढे उभं राहून आपला जगिकपणा कबूल करावा. दुसरी, घरात तळहाताहून मोठा आरसा लावू नये. सवय म्हणा. वकीलबाईंनी त्या मोठ्याने वाचल्या तेव्हा मुलगी खिडकीपाशी उभी होती.

"पहिली तर मी पुरी केली आहे," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली."

मी दोन्ही अटी खोडल्या. खोडलेल्या जागी माझी छोटी सही आहे, ती ग्राह्य धरावी.

कलम सहा. साक्षीदारांबद्दल. कायद्याने दोन लागतात. पहिला, खालचा घड्याळजी. तो भिंगातून मान वर काढत नाही, म्हणून कुणाच्या घरात काय चाललं आहे हे त्याला ठाऊक नसतं. असा माणूस विरळा. दुसऱ्यासाठी वकीलबाईंनी पाळकांचं नाव घेतलं. मी नाही म्हणाले. भाऊ? भावजय जे सांगेल ते तो बोलेल. शेजारीण? ती भिंतीला कान लावते. शिक्षकबाई? एकविसाव्या वहीत त्यांचं अख्खं पान आहे.

"मग मी करू का?" वकीलबाई म्हणाल्या.

"राग मानू नका," मी म्हणाले, "पण तुम्ही मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिलंत."

त्यांनी फाईल मिटली. "अहो आजी, मग या जगात तुमचा भरवसा आहे तरी कुणावर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हिच्यावर."

मग मुलगी टेबलाशी आली आणि तिने पेन उचललं. वकीलबाईंनी तिचा हात धरला. "थांबा. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत की घर तुमच्या हातून गेलं. मंडळीकडे जाईल."

मी म्हणाले, "वेडी आहेस का तू? ठेव ते पेन. दुसरं कुणीतरी बघू."

"बघ ना. कुणाचं नाव घेतेस?"

मी विचार केला. खरंच केला. सगळी गल्ली डोळ्यांपुढे आणली, सगळी मंडळी, बाकामागून बाक. एकही नाव सुचेना. हे माझ्या एकतीस वर्षांच्या कामाचं फळ आहे, आणि ते मी इथे लिहून ठेवते.

"आई," ती म्हणाली, "हे एक तुझ्या तोंडून ऐकायला मी एकोणीस वर्षं थांबले. मी खोल्या घेऊन काय करू?"

ती रडत होती. मीही रडले. यात तिचा काही डाव असेल का, हेही माझ्या मनात येऊन गेलं. आलं, आणि मला माझीच लाज वाटली. तेव्हा खोल्या मंडळीला जाऊ देत. पाळकांना भिंती ठोकून बघू देत. प्रभूने मला क्षमा करावी. त्याने नाही केली तर तो अन्याय नसेल.

हे सगळं मला वाचून दाखवलं, मला समजलं, आणि कुणीही धाक न घालता मी दोघा साक्षीदारांसमोर माझ्या हाताने सही केली.

ठिकाण: माझी शिवणाची खोली
दिनांक: मार्चचा दुसरा मंगळवार, दुपार

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) घड्याळजी, खालचा मजला. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: (सही) लिहून देणारीची मुलगी. ही माझी आई आहे. तिने जे लिहिलं ते खरं आहे, मी ते समोर उभी राहून पाहिलं. तिच्याबद्दल मला कुणीही विचारलं, इथे किंवा वर, तरी मी तिच्या बाजूने उभी राहीन.