काहील उतरा म्हणणारा

आबा, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मी लॅबमध्ये जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता तुम्हाला लिहीत बसले आहे. समोर माझ्याच आतड्याची स्लाइड आहे. महिन्यापूर्वी संडासला रक्त दिसलं, लगेच दाखवलं, दुर्बिणीनं एक गाठ काढली. तिचे काप घ्यायला आणि रंगवायला मीच बसले, दुसऱ्या कुणाच्या हातात देववेना. डॉक्टर उद्या रिपोर्ट देतील. सुट्टी संपायच्या आत लिहितेय, अक्षराकडे बघू नका.

आमच्याकडे एक रंग आहे, दुप्पट व्हायला निघालेली पेशी त्यात तपकिरी दिसते. पेशीतली काही प्रथिनं तिला पुढं ढकलतात, काही थांब म्हणतात. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मला मुरगूडजवळचं तुमचं गुऱ्हाळ आठवलं. जाळव्या उसाच्या रसाच्या काहिलीखाली, चुलवाणात चिपाड कोंबत राहायचा, आणि तुम्ही गुळव्या, पाण्यात पाक टाकून बोटांत गोळी होते का बघायचात. मी आपली "आबा, झाला की गूळ" म्हणत मागं मागं. "गप बस. मी सांगितल्याबिगर काहील उतरायची न्हाय," असं दटावायचात आणि नेमक्या वेळेला म्हणायचात, "उतरा." थांब म्हणणारं प्रथिनच बिघडलं की जाळ तेवढा चालू राहतो. पेशी वाढत जातात, आतड्याची भिंत ओलांडतात, यकृत गाठतात.

तुमचं यकृत त्यांनी गाठलं होतं. आईनं दवाखान्याचं काढलं की तुमचं ठरलेलं, "मूळव्याध हाय गं. तांबडा रस्सा सोडला की थांबतंय बघ." रस्सा खरंच सोडलात आणि दहीभातावर वर्ष काढलंत. पाकाची गोळी ओळखणाऱ्या माणसाला एवढं कळू नये, याचा मला अजून राग येतो.

निरोगी आतड्यात ते तपकिरी ठिपके अस्तरातल्या खळग्यांच्या तळाशी असतात. माझ्या स्लाइडवर ते पार वरपर्यंत आलेत. भिंतीपलीकडे गेलेत का, हे सांगायचं काम डॉक्टरांचं, असं म्हणून मी दोनदा सूक्ष्मदर्शकावरून उठले. भीती वाटते, आबा.

हे कागद कुठं पाठवणार, घडी घालून पर्समध्ये ठेवते. फक्त वर 'महिन्यापूर्वी' लिहिलंय ते खोटं आहे. डॉक्टरांनाही तेच सांगितलंय. मागच्या दिवाळीपासून रक्त जातंय. मीही रस्सा सोडला, आणि या डब्यात आजही दहीभातच आहे.