काळ्या बंदुकीचा रंग

१० मार्च, मंगळवार, सकाळी दहा

प्रिय चिमण,

कसा आहेस हे विचारत नाही, कालच बघून गेलोय. डाव्या हाताची दोन बोटं हलायला लागली आहेत, ती हलवत राहा. व्यायाम घेणारी बाई आली की तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या ताई सांगत होत्या, परवा तू तिच्यावर चेंडू फेकून मारलास. ऐकून मला बरंच वाटलं, म्हणजे हातात जोर येतोय. पण बिचारीने काय घोडं मारलंय तुझं?

तुला अजून अक्षरं एकमेकांत घुसलेली दिसतात, त्यामुळे हे पत्र ताईच वाचून दाखवणार. ताई, नमस्कार. तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय, बायको आणून देईल. एक विनंती आहे. मध्येच थांबावंसं वाटेल, पत्र फाडावंसंही वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. मोठ्याने वाचा. त्याच्या कानावर सगळं पडू द्या.

रोज संध्याकाळी पलंगाशेजारी येऊन बसणारा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुला वाटत असेल. समोर बसलो की माझी वाचाच बसते, म्हणून.

काल चौकशीचा निकाल आला. 'झाकण उघडं ठेवलं, डोक्याला हेल्मेट नव्हतं, चूक कामगाराची.' तो कागद तू ताईंकडून तीनदा वाचून घेतलास आणि मला विचारलंस, "उस्ताद, मी झाकण उघडं कसं ठेवलं? चौदा वर्षांत एकदाही ठेवलं नव्हतं."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

तू भिंतीकडे तोंड करून रडलास. ताई म्हणाल्या, "अरे, हे देवासारखे धावून आले म्हणून तू आज आहेस." मी ग्लासभर पाणी प्यायलो आणि चपला शोधायला लागलो.

त्या दिवसातलं तुला काही आठवत नाही. डॉक्टर म्हणतात, आठवणारही नाही. मला सगळं आठवतं. तेच लिहायला बसलोय, पण पेन भलतीकडेच धावतंय. गेमपासून सुरू करतो. गेम तर तुला आठवतो ना?

तूच माझ्या फोनवर टाकून दिला होतास. "फुकट आहे उस्ताद, एक पैसा लागत नाही," म्हणालास. जेवणाच्या सुट्टीत इमारतीच्या टोकाला लिफ्टच्या मशीनखोलीत आपण दोघं तेलाच्या डब्यांवर बसायचो. खाली मोटर गरम असायची, वर पत्रा तापलेला, आणि आपण विमानातून त्या बेटावर उड्या मारायचो. ऐंशी माणसं उतरायची आणि शेवटी एकच जोडी जिवंत राहायची. पहिल्याच दिवशी तू चुकून बॉम्ब माझ्याच पायाशी टाकलास आणि माझ्या चिंधड्या उडाल्या. आपण इतके हसलो की खालचा रखवालदार वर बघायला आला.

मला ते आवडायला लागलं, चिमण. खरं सांगतो, माणूस मारायला आवडायला लागलं. दबकत जायचं, खिडकीतून नळी काढायची, समोरच्याचं डोकं गोलात आलं की बोट दाबायचं. तो कोसळायचा आणि माझ्या नावापुढे आकडा वाढायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्टा वरखाली केल्या, माझ्या नावापुढे कधी कुठला आकडा वाढला नव्हता. त्या वर्षी तर नाहीच. त्याच वर्षी तुला आमच्या गटाचा प्रमुख केला.

मी पेढे... नाही, मी काहीच वाटलं नाही. तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "नाव काढलंस पोरा." सगळ्यांना सांगत सुटलो की हा माझ्या हाताखाली तयार झालाय. तूही सांगायचास की उस्तादांनी एक थोबाडीत दिली म्हणून माझा हात आज शाबूत आहे. फिरत्या पुलीत बोटं घालायला निघाला होतास तेव्हा. दात हलला होता तुझा. तू ते कौतुकाने सांगायचास आणि मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटायचं, लाजतोय. मला तेव्हा तुला दुसरी द्यावीशी वाटायची.

हे मी कुणालाच बोललेलो नाही. आता ताई वाचतायत, म्हणजे दोघांना एकदमच कळलं.

गेममध्ये मी तुझ्यापुढे होतो. निदान सुरुवातीला. मग तिथेही तू पुढे गेलास. तुझं बोट चपळ, नजर तीक्ष्ण, आणि मला चष्मा. तेव्हाच गेमच्या दुकानात ती काळी बंदूक आली. काळी नागीण. जाहिरातीत तिची एक गोळी लागली की माणूस ठिणग्या होऊन फुटायचा. थेट विकत मिळत नव्हती. पैसे भरून पेट्या घ्यायच्या आणि नशिबात असेल तर पेटीतून निघायची. पहिल्या पेटीतून पिसांची टोपी निघाली. मग गुलाबी छत्री, एक नाच, पाठीवरच्या पिशवीला लटकवायचं रबरी बदक. त्या बदकाला मी फोनवरच शिव्या घातल्या. तुला हे काही सांगितलं नव्हतं. तू बदक बघून विचारलंस तेव्हा म्हणालो, "बक्षीस मिळालं."

किती पेट्या फोडल्या ते विचारू नकोस. बायकोलाही काल पहिल्यांदा सांगितलं.

त्या दिवशी सकाळी ती निघाली. स्क्रीन सोन्यासारखी उजळली, काळी नागीण फिरत फिरत वर आली. सकाळभर मी दुपारची वाट बघत होतो. ब्रेकचे पट्टे बदलायचे होते, जुने तू काढलेस आणि नवे मी बसवले. तेलाचा डबा वर घ्यायला मशीनखोलीच्या जमिनीतलं ते चौकोनी झाकण उघडलं.

मी उघडलं, चिमण. दोरी मीच सोडली, डबा मीच ओढला आणि झाकण मीच लावलं नाही. भूक लागली होती, आणि खरं म्हणजे बंदूक दाखवायची घाई होती. तू दोनदा म्हणालास, "उस्ताद, झाकण." मी म्हणालो, "लावतो रे, बस आधी."

तू बसलास. हेल्मेट काढून खुंटीला लावलंस. आपण विमानातून उतरलो.

पडक्या गोदामात एकजण पाठमोरा सापडला. वीस पावलांवर. मी नागीण रोखली आणि त्याच्या पाठीत गोळ्या ओतल्या. दहा, बारा, पंधरा. ठिणग्या वगैरे काही नाही. तो आरामात वळला आणि साध्या फुकटच्या बंदुकीने मला तिथेच आडवा केला. माझा गडी जमिनीवर रक्तात पडून हात हलवत राहिला. तू दारातून आलास, त्याला डोक्यात एक घातलीस, मला उभा केलंस आणि म्हणालास, "थांबा, ही जरा बघू द्या." एका कोपऱ्यात दडून तू आकडे काढलेस. किती इजा, किती लांब, किती वेगाने. जुन्या बंदुकीचे आणि नव्या बंदुकीचे.

"उस्ताद, दोन्ही एकच आहेत. हा नुसता रंग आहे."

मी म्हणालो, "शक्य नाही."

"बघा ना तुम्हीच. बक्षीस नाही मिळालेली ही. विकत घेतलीत ना?" आणि तू हसलास. तुझं हसणं वाईट नव्हतं, चिमण. त्यात काही खोट नव्हती, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. माझा खांदा दाबून तू म्हणालास, "मला सांगायचं होतं. रंगच हवा होता तर तुमच्या जुन्या पान्यालाही मारून दिला असता मी."

पाना माझ्या मांडीशेजारीच होता.

पहिला घाव कानाच्या वर बसला. ओल्या लाकडात खिळा जावा तसा आवाज झाला. तू ओरडला नाहीस. "अहो," एवढंच म्हणालास, जणू माझ्याकडून चहा सांडला होता. तू उठायला लागलास आणि मी दुसरा मारला, कपाळावर. तुझं रक्त माझ्या चष्म्यावर उडालं, त्यातून तू लाल दिसत होतास. तू हात पुढे केलेस. मला धरायला की मला अडवायला, ते मला आजही कळलेलं नाही. मी छातीवर लाथ घातली. तू दोन पावलं मागे गेलास आणि त्या झाकणातून खाली गेलास. बारा फूट. खाली फरशी.

ताई, थांबू नका. अजून वाईट पुढे आहे.

मी वाकून पाहिलं. तू पालथा पडला होतास आणि एक पाय हलत होता. वरचा मजला रिकामा, कुणी यायचं नव्हतं. तुझा फोन डब्यावर पडला होता. त्यात गेम चालूच होता, तुझा गडी कोपऱ्यात उभा होता. तेवढ्यात कुणीतरी आलं आणि त्यालाही गोळ्या घातल्या.

मी फोन उचलून गाडी बोलवायला हवी होती. मी पाना पुसला. आधी चिंध्यांनी, मग रॉकेलने. जमिनीवरचं रक्त पुसलं. तुझं हेल्मेट खुंटीवरच राहू दिलं, ते उपयोगी पडेल हे तेव्हाच सुचलं. मग शिडीने खाली आलो आणि तुझ्या बाजूला उभा राहिलो. तू श्वास घेत होतास, प्रत्येक श्वासाला नाकातून फेस येत होता. मी कशाची वाट बघत होतो, ते लिहितो. तो फेस थांबायची. मी अठ्ठावीस मिनिटं उभा होतो. खाली येताच मी माझा गेम बंद केला होता; ती वेळ आणि गाडीला फोन लावल्याची वेळ, दोन्ही फोनमध्ये आहेत, पुसता आल्या नाहीत.

तू थांबला नाहीस. शेवटी माझीच हिंमत संपली आणि मी फोन लावला. "आमचा माणूस पडलाय, लवकर या" असं ओरडताना मी खरोखर रडत होतो. गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणला असता तर डावी बाजू वाचली असती. ताई, ते वाक्य तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून ऐकलंत आणि माझे हात हातात घेतलेत.

चार महिने मी तुमच्या घरी येतोय. सुरुवातीला तुला काही आठवतंय का हे बघायला यायचो. नंतर का येत राहिलो, सांगता येत नाही. तू मला बघून हसायचास आणि मी तुझी बोटं चोळायचो. ज्या दिवशी पहिलं बोट हललं त्या दिवशी मी तुमच्या मोरीत जाऊन तोंडात रुमाल कोंबला.

तू काल रडला नसतास तर मी हे लिहिलं असतं का? बहुतेक नाही. भित्रा आहे मी, ते आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण झाकणाचा विचार करत तू म्हातारा होशील, स्वतःच्या हातावरचा विश्वास जाईल तुझा, हे मला बघवेना. तो हात मी तयार केलाय. त्याने चूक केलेली नाही.

आज सकाळी आठला मॅनेजरला भेटलो. सगळं सांगितलं. त्याने उठून दार लावलं.

"कागद बंद झालाय," तो म्हणाला. "तू थकला आहेस, रजा टाक."

"साहेब, मी त्याला मारलंय."

"मी ऐकलं नाही. आणि तूही बोलला नाहीस. एवढ्या वर्षांचं नाव आहे तुझं. त्याला तरी आठवतंय का काही?"

मी म्हणालो, "मला आठवतंय." त्याने निकालाची फाईल कपाटात ठेवली. त्याची चूक नको, कामगाराची चूक बरी, एवढंच त्याचं गणित. हे सगळं जबानीत येईल. निकाल फिरवून घ्या, ताई, तुमचा हक्क आहे तो.

बायकोला काल रात्री सांगितलं. तिने ऐकून घेतलं. सकाळी माझे दोन शर्ट इस्त्री करून पिशवीत घातले आणि म्हणाली, "निघा."

फोन हातोडीने फोडावासा वाटत होता. फोडला नाही. अठ्ठावीस मिनिटांचा पुरावा त्यातच आहे. तो आणि पाना दोन्ही पिशवीत आहेत. हे पत्र शेजारच्या बाईंच्या हाती देतो आणि चौकीत जातो. तिथे विचारतील, का मारलंस. एका रंगवलेल्या बंदुकीवरून, असं सांगितलं तर हसतील. तू मोठा झालास म्हणून, असं सांगेन. तेच खरं आहे.

"माफ कर" असं तीनदा लिहिलं आणि तिन्ही कागद फाडले. तुझ्या डाव्या हातापुढे तो शब्द फारच स्वस्त वाटला. भेटायला येऊ का, हेही विचारत नाही. कधी बोलवावंसं वाटलं तर निरोप धाड. शिव्या द्यायला बोलाव, मारायला बोलाव, मी येऊन समोर बसेन आणि हात वर करणार नाही.

तुला काम शिकवणारा आणि तुझ्यावर पाना उगारणारा, तो मीच.