सीटची उंची

जे. पी. नगर, बेंगळुरू
१० सप्टेंबर २०२५

ती. अहल्याआत्यास,
श्रीवत्सचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. १४ डिसेंबरला इथे चाळीस किलोमीटरची सायकल शर्यत आहे. आज तेवढ्या अंतराला एक तास अठ्ठावीस मिनिटं लागतात. सव्वा तासात करायचंय. तू जिल्ह्याकडून शर्यती मारलेल्या, तेव्हा सरावाचं वेळापत्रक तूच आखून दे.

आईला मात्र कळू देऊ नकोस. गेल्या वर्षी तुझी सूनबाई पवित्रा सायकलवरून पडली आणि तिच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आईनं आमच्या घरात सायकलचं नावच बंद केलंय. तुम्ही नणंदा-भावजया एका घरात, म्हणून बजावतो.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
श्रीवत्स


बेळगाव
१६ सप्टेंबर

चि. श्रीवत्सास अनेक आशीर्वाद.

शाळेत सायकल पंक्चर झाली की तू ती तिथेच टाकून यायचास. चाळिशीला ही हौस कुठून आली? असो.

सव्वा तास म्हणजे प्रत्येक किलोमीटर एक मिनिट बावन्न सेकंदांत. आज हा वेग दोनच किलोमीटर टिकला तरी पुरे. मंगळवारी आणि गुरुवारी असे पाच तुकडे, मध्ये चार मिनिटं सावकाश. रविवारी लांब पल्ला, पण गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. सोमवारी विश्रांती. दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्मं. सकाळची नाडी, सीटची उंची, तुकड्यांच्या वेळा वहीत लिही आणि महिन्यानं वही पाठव.

तुझी, काळजी करणारी आत्या


बेळगाव
२७ ऑक्टोबर

चि. श्रीवत्सास आशीर्वाद.

वही मिळाली. दसऱ्याला, गुरुवारी, तू माझ्यासमोर श्रीखंडपुरी खात होतास. वहीत त्याच सकाळी बेंगळुरूच्या कनकपुरा रस्त्यावर पाच तुकडे! सीट सदुसष्ट सेंटिमीटर? तू सहा फुटी. तेवढ्यावर बसलास तर गुडघे हनुवटीला लागतील.

आधी वाटलं, थापा मारतोयस. पण नाडी सहासष्टवरून एकसष्टवर अशी हळूहळू उतरलीय, मध्येच एखाद्या दिवशी चढलीही आहे. थापा अशा उतरत नाहीत. कुणीतरी खरंच घाम गाळतंय. कोण? ऑफिसचं काम सांगून पवित्रा दसऱ्याला आली नाही, ते कोणतं काम होतं?

सायकल चालवणाऱ्या माणसाचं पत्र येईपर्यंत पुढचं वेळापत्रक मिळणार नाही.

आत्या


जे. पी. नगर
२ नोव्हेंबर

ती. आत्यांस,
पवित्राचा शि. सा. न. वि. वि.

वही माझीच. श्रीवत्सनं फक्त नाव दिलं, त्यांना बोलू नका. पहाटे सराव आटोपून मी बेळ्ळंदूरला ऑफिस गाठते.

हात गळ्यात बांधलेला असताना सासूबाईंनी तीन आठवडे मला घास भरवले आणि पुन्हा सायकलवर बसणार नाही असा शब्द घेतला. मी दिला. तेच सारखं टोचतं.

रागावू नका, पण हे पत्र टाकावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. सीटच्या उंचीवरून तुम्ही माणूस ओळखता. सासूबाई तुमच्या चेहऱ्यावरून गोष्ट ओळखतील. सांगणार आहात का त्यांना?

तुमच्या उत्तराला भिणारी,
पवित्रा


बेळगाव
८ नोव्हेंबर

चि. सौ. पवित्रास अ. उ. आशीर्वाद.

वहिनीनं परवा विचारलंच, बेंगळुरूहून सारखी कसली पत्रं येतात? म्हटलं, श्रीवत्सचे गुडघे दुखतात. सत्तरीला सूनबाईसाठी खोटं बोलले.

आता तू मला खरं सांग. मंगळवारी चौथ्या तुकड्यात तू दर वेळी मंदावतेस. खांदा दुखतो ना? डॉक्टरला दाखव. हँडल दोन बोटं वर घे. शर्यतीआधीचे दहा दिवस सराव निम्मा.

शर्यत झाली की वहिनीला तूच सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ती तुझं पडणं विसरेल, लपवणं विसरणार नाही.

तुझ्या बाजूची,
आत्या


जे. पी. नगर
२२ डिसेंबर

ती. आत्यांस शि. सा. न. वि. वि.

एक तास पंधरा मिनिटं अडतीस सेकंद. शेवटचे आठ किलोमीटर वारा समोरून, आणि हो, खांदा दुखत होता. डॉक्टर म्हणाले, हाड नीट जुळलंय, स्नायू कच्चे आहेत.

शर्यतीच्याच दुपारी सासूबाईंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? तुमचं नाव सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. तुमच्यावरही रागावल्या असतील, माफ करा.

काल त्यांचा फोन आला, पण श्रीवत्सना. विचारत होत्या, डॉक्टर खरंच तसं म्हणाले, की हीही थाप? एक्स-रे पाठव, इथल्या डॉक्टरांना दाखवते. त्यांचा संशय गेलेला नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. एक्स-रे आज पाठवतेय, सोबत माझं पत्र.

अडतीस सेकंद उरलेत, आत्या. नवं वेळापत्रक आखा. या वेळी वर माझं नाव लिहा, आणि टपालात टाकण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवा.

तुमची,
पवित्रा