आईच्या जबड्यातलं हाड

बाबा, आज आईच्या जबड्यात हाड भरलं. गेल्या महिन्यात दादरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला होता. वरचे पुढचे दोन दात गेले तिथलं हाड झिजून पातळ झालंय, नवे दात बसवायचा स्क्रू रुतणार कशात? "दात गेला की हाडाला काम उरत नाही, मग ते विरत जातं," त्या म्हणाल्या. आधी हाडाची पूड भरून टाके घालायचे, ते धरलं की मग दात. "पण दात गेले कशाने?" त्यांनी विचारलं. आईने सवयीने पदर तोंडाशी नेला. "चाळीच्या नळावर घसरले होते."

ती घसरली नव्हती. लालबागची आपली खोली, संप लांबलेला. तुमचे गिरणीतले दोस्त दाराशी बसलेत आणि तुम्ही मालकांना कसं गुडघ्यावर आणणार ते सांगताय. आई लोकांच्या डब्यांच्या चपात्या लाटतेय. मान वर न करता ती म्हणते, "तोवर तुम्ही पण कुठे काम बघा ना. पोरगी उपाशी शाळेत जाते." एक दोस्त हसतो. तेवढंच. तुम्ही उठता आणि पितळेचा तांब्या तिच्या तोंडावर हाणता. वर तिलाच म्हणता, "चार माणसांत माझी शोभा केलीस." एक दात तिथेच पडला, दुसरा नंतर परळच्या दवाखान्यात काढावा लागला.

संपाने मोडला बिचारा, असं लोक अजून तुमच्याबद्दल हळहळतात. शेजारच्या काकांचीही गिरणी बंदच होती. ते भाजी विकायला बसले, बायकोवर हात नाही उचलला. मालकाचं तुम्ही काही वाकडं करू शकला नाहीत, म्हणून घरात शौर्य गाजवलंत. तुमच्या फोटोला हार घालताना मला रडू सोडाच, कीवही आली नाही.

डॉक्टरीणबाई नळाचं लिहून घेत होत्या. आईने पदर खाली सोडला. "ते खोडा. घसरले नाही मी. नवऱ्याने तांब्या मारला." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "मेला तो. आता कुणाची अब्रू झाकू?" तिने तुम्हाला 'तो' म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आज टाके घालून घरी आलो. गार पेज पिताना सुजल्या तोंडाने म्हणाली, "मला कणीस खायचंय गे, दाताने तोडून." हाड धरलं तर खाईल.

हे कुठे पाठवायचं नाहीच. तुम्हाला एकदा तरी 'तू' म्हणावं म्हणून लिहायला बसले होते. जमलं नाही.