धैर्यशीलदादाचे चाळीस सेकंद

प्रिय बाबा,

आधीच सांगते, मी चिडलेय. सॉरीचं पत्र असेल असं वाटून उघडलं असशील तर ते हे नाहीये. आणि मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण फोनवर भांडताना मी इंग्लिशमध्ये जाते आणि मग तू "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देतोस. आज देता येणार नाही. शेवटपर्यंत वाच.

मी अजून अवोन्डेललाच आहे, सानिकाच्या फ्लॅटवर. जेवतेय, कामावर जातेय, आईला सांग. फेस्टिव्हलला फिल्मची फायनल कॉपी उद्या पाचच्या आत द्यायचीय आणि शनिवारपासून काल रात्रीपर्यंत माझ्या हिरोने, दावितने, माझा एकही मेसेज उघडला नव्हता. त्याच्याशिवाय फिल्म पाठवणं मला शक्य नाही, आणि त्याच्याशिवाय मला फिल्म नकोच आहे. हे तुला कळत होतं, म्हणूनच तू जे केलंस ते केलंस. त्यावर येतेच.

आधी एक गोष्ट, जी मी तुला कधी नीट समजावली नाही. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकेतल्या त्या ॲक्शन फिल्म्स, ब्लॅक हिरो, लेदरचा कोट, हा एवढा केसांचा आफ्रो, मागे बास गिटार. ब्लॅक्सप्लॉयटेशन म्हणतात त्यांना. तू गॅरेजमध्ये येऊन माझ्या मागे उभा राहून बघायचास आणि म्हणायचास, "काय गं हा भंगार पिक्चर!" भंगार होत्याच त्या. वरून माइक फ्रेममध्ये यायचा. माणूस आधी पडायचा आणि गोळीचा आवाज नंतर. दरीत पडणारी गाडी वेगळ्याच रंगाची. पण जे लोक तोपर्यंत पिक्चरमध्ये दार उघडायला नाहीतर मरायला यायचे, ते पहिल्यांदा रस्त्याच्या मधोमध चालत येत होते आणि जिंकत होते. मला हे दोन्ही जाम आवडायचं, त्यांचं जिंकणं आणि तो सगळा फाटका कारभार. माझी कॉमेडी त्या फाटक्या कारभारावर होती. हसायचं होतं ते पैसे वाचवणाऱ्या प्रोड्युसरला. हिरोला नाही.

'पापाकुरा थंडर' तुझीच अर्धी होती, मान्य आहे. गॅरेज तुझं, गाडी तुझी, बेकरीतली मीट पाय खाल्ली की सगळे गोल्फ खेळायला लागतात आणि व्हिलन अख्ख्या पापाकुरा उपनगराचं गोल्फ कोर्स करतो, हा फालतूपणा ऐकून सगळ्यात जास्त तूच हसला होतास. आणि दावितला तूच आणलंस. तुझ्या फार्मसीच्या शेजारच्या क्लिनिकमधला नर्स, आफ्रिकन घरातला. "हा मुलगा चालत येतो ना, तेव्हा पेशंट उठून बसतात, याला घे." त्याने आधी नाही म्हटलं होतं, हे तुला माहीत नाही. स्क्रिप्ट वाचून त्याने एवढंच विचारलं, की लोक कोणाला हसणार? मी म्हणाले, तुला नाही, कधीच नाही. मग तो हो म्हणाला. अकरा वीकेंड फुकट आला. नाइट शिफ्ट करून आला.

आता तो सीन. त्या फिल्म्समध्ये स्टंट करायला हिरोच्या जागी भलताच कोणीतरी असायचा आणि ते लांबूनही कळायचं, म्हणून मी पान अकरावर लिहिलं होतं की मारामारी सुरू झाली की दावितच्या जागी मंडळातला धैर्यशीलदादा येतो. बुटका, पोट पुढे, चष्मा, मिशी. तोच कोट, तोच विग आणि बाकी काही नाही. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, नो मेकअप. जोक एवढाच होता की फरक लपवायचे कष्टसुद्धा कोणी घेतले नाहीत.

आणि तू तुझा पत्र्याचा डबा घेऊन आलास. मंडळाच्या नाटकांचा बारा वर्षांचा मेकअपमन! दावितला त्या रविवारी ड्युटी होती. मार्केटच्या मैदानाचा एक कोपरा आपल्याला सकाळी सातपर्यंत दिला होता, आणि मी ट्रायपॉड लावेपर्यंत तू धैर्यशीलदादाचं तोंड, मान, हात, कान, सगळं काळं करून टाकलंस. वर म्हणालास, "मागच्या रांगेतल्याला कळायला नको का, हा तोच आहे ते?" बाबा, मागची रांग नव्हतीच! कॅमेरा होता! पण तुला मंडळात सवय लागलीय. राक्षस काळा, डाकू काळा, नोकर काळा. राधा गोरी.

मी अकरा वर्षांची असताना राधा होते, आठवतंय? आपल्याला देश सोडून इथे येऊन दोन वर्षं झाली होती. तू माझ्या चेहऱ्यावर दोन शेड उजळ पॅनकेक लावलंस, हनुवटी धरून, इतक्या प्रेमाने. मी आरशात बघितलं आणि मला वाटलं, अरे, मी छान दिसू शकते. तुझ्याकडे बघितलं तर तुलाही तेच वाटत होतं. नंतर बाथरूममध्ये मी बराच वेळ तोंड धुतलं नव्हतं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुझा हात कधीच वाईट नव्हता रे. तोच तर वैताग आहे. वाईट असता तर केव्हाच भांडून मोकळी झाले असते.

शनिवारी शाळेच्या त्या हॉलमध्ये मंडळाच्या लोकांना फिल्म दाखवली तेव्हा मी दावित आणि त्याच्या आईच्या मधे बसले होते. चर्चला जाताना घेतात ती पांढरी शाल पांघरून त्या आल्या होत्या, मुलाचा पिक्चर म्हणून. पहिली दहा मिनिटं लोक बरोबर तिथे हसले जिथे मी लिहिलं होतं. मग धैर्यशीलदादा आला आणि हॉल फुटला. शिट्ट्या. मागून कोणीतरी काका ओरडले, "अरे धैर्या, डांबरात पडलास का रे?" आणखी हशा. दावितने मला हळूच विचारलं, काय म्हणाले ते? मी म्हणाले, काही नाही, कोट आवडला म्हणतायत. त्याने माझ्याकडे बघितलं. हसण्याला ट्रान्सलेशन लागत नाही. त्याच्या आईने शाल नीट केली, पर्स उचलली, आणि एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी म्हणत सगळ्यांच्या गुडघ्यांवरून बाहेर गेल्या. त्या माफी मागत गेल्या, बाबा. त्या!

कारपार्कमध्ये दावितने मला एकच प्रश्न विचारला. तुला माहीत होतं? तू आणि आई गाडीपाशीच होतात, त्यामुळे मी काय उत्तर दिलं ते तू ऐकलंस. मी म्हणाले, माझ्या डॅडने केलं, मी कॅमेरा लावत होते, मला एडिटला बसेपर्यंत माहीतच नव्हतं. मी तुझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं. आणि तू हो म्हणून मान हलवलीस.

आता ते लिहिते जे तू अजूनही कोणाला सांगितलेलं नाहीस. त्या सकाळी तू मला हाक मारलीस, "बघ गं, जमलंय का?" मी आले. बघितलं. धैर्यशीलदादा खुर्चीतून म्हणाला, "स्वानंदी, हे बरं दिसतंय ना गं? मला जरा कसंतरीच होतंय." त्याला होत होतं! ज्याला त्या फिल्म्समधलं ओ की ठो माहीत नाही त्या माणसाला कसंतरी होत होतं, आणि मी, पान अकरा लिहिणारी मी, घड्याळ बघून म्हणाले की पुसायला अर्धा तास जाईल, चला, रोलिंग. मॉनिटरमध्ये बघून मी हसले. आणि एडिटला तर तू नव्हतासच. तो सीन पंधरा सेकंदांचा होता. सानिकाला कच्चा कट दाखवला, ती तिथे खूप हसली, म्हणून मी तो चाळीस सेकंद केला. एक क्लोजअप टाकला. मीच टाकला. पांढऱ्या पॅनकेकने काय होतं ते मला माहीत होतं, तरी टाकला.

आज दुपारी दावितचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा. म्हणाला, मंगळवारी तुझे डॅड घरी आले होते, डबाभर बेसनाचे लाडू घेऊन. पापाकुरापर्यंत बसने, कारण गाडी आईकडे होती. त्याच्या आईने त्यांच्या पद्धतीने कॉफी केली, बिया भाजून, तीनदा. आणि ॲसिडिटीमुळे चहासुद्धा अर्धा कप घेणारा माझा बाप तीनही कप प्यायला. दावित हसत होता सांगताना. मग म्हणाला, त्यांनी सगळं सांगितलं. की ती पूर्णपणे त्यांची चूक होती. की त्या सकाळी तू त्यांच्यावर ओरडलीस, पुसा म्हणालीस, रडलीस, पण त्यांनी ऐकलं नाही. सॉरी, मी तुझ्यावर उगाच संशय घेतला. तो सीन काढ आणि पाठव फिल्म, आता सगळं ठीक, स्वीट ॲज.

मी ओरडले नव्हते, बाबा. मी रडले नव्हते. तू माझ्यासाठी एक सीन लिहिलास ज्यात मी चांगली आहे, आणि त्यात स्वतःला व्हिलन केलंस, आणि तो इतका चांगला केलास की दावितने मला सॉरी म्हटलं. त्याने मला! आणि मी काय म्हणाले माहितीये? थँक यू म्हणाले. फोन ठेवल्यावर सिंकपाशी उभी राहिले आणि मला इतका राग आला तुझा, की सानिकाचा मग फोडला. तू मला वाचवलंस याचा राग. मी वाचले आणि मला हलकं वाटलं, याचा त्याहून जास्त. मी शेपूट घालणार हे तुला आधीच माहीत होतं का? म्हणून गेलास का बसने?

दावितची शिफ्ट चारला संपते. मी दोन ट्रेन बदलून त्याच्या घरी चाललेय, आणि जे तुला वर लिहिलं ते त्याला आणि त्याच्या आईला समोर बसून सांगणार आहे, चाळीस सेकंदांसकट. त्यानंतर फिल्म पाठवायची की नाही ते तो ठरवेल. त्याने नाही म्हटलं तर उद्याचे पाच वाजून जातील आणि मी काही करणार नाही. पण हे सांगताना तू मंगळवारी खोटं बोललास हेही निघणार, आणि तुझं दुकान त्याच्या क्लिनिकला लागून आहे, तो तुला सोमवारी दारातच भेटणार. मी तुला त्यांच्यासमोर खोटा पाडायला चाललेय, आणि हे तुला बाहेरून कळू नये म्हणून लिहिलं. त्याला फोन करू नकोस. मला गाठायला स्टेशनवर येऊ नकोस. त्याने दारातून परत पाठवलं, तरी येऊ नकोस. मी माझी घरी येईन.

खूप रागावलेली, आणि आज तरी तुझ्यासारखी न वागणारी,
तुझीच
स्वानंदी